पंधरा मिनिटं चालतं आणि मान टाकतं

वाचकांचं पत्र:

«आमच्याकडे मागून ढकलायचं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र आहे. फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचं. दोरी ओढली की लगेच सुरू होतं, सुरेख चालतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतं. मग कितीही दोरी ओढा, हूं की चूं नाही. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतं, पण या वेळी पाच-सात मिनिटांतच मान टाकतं. नवा प्लग टाकला, एअर फिल्टर धुतला, ऑइल बदललं. खाली अडकलेलं गवत काढायला यंत्र आडवं केलं, तर त्यानंतर बराच वेळ पांढरा धूर येत राहिला. दुरुस्तीवाले म्हणतात, कार्बोरेटरच बदला. माझे मेहुणे छातीठोकपणे सांगतात की कॉइल गेली आहे. कोणाचं ऐकू? की यंत्रच काढून टाकू?»

सप्रेम नमस्कार.

यंत्र काढून टाकू नका. थंड असताना लगेच सुरू होणारं आणि पंधरा मिनिटं सुरेख चालणारं इंजिन मुळात धडधाकट असतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह खरोखर झिजले असते तर सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाच त्याने तुमचा घाम काढला असता. तुमच्याकडे बिघाड आहे तो एकाच ठिकाणी आहे आणि तो शोधता येण्यासारखा आहे. आतापर्यंत तुम्ही तो शोधलेला नाही, सुटे भाग बदललेत. प्लग आणि ऑइल वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कधीतरी बदलायचंच होतं. पण कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) आणि कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारा भाग) या पुढच्या पायऱ्या महाग आहेत, तेव्हा इथे जरा थांबू.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य कोणतं, सांगू? «या वेळी पाच-सात मिनिटांतच मान टाकतं.» हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी लवकर बंद पडणं म्हणजे इंजिनातली उष्णता पूर्ण गेलेली नसताना काहीतरी बिनसतंय, असा संशय घ्यायला जागा आहे. कॉइल तापल्यावर दगा देऊ शकते, म्हणून मेहुण्यांचं पारडं इथे थोडं जड होतं. थोडंच. कारण याच लक्षणाची आणखी दोन-तीन स्पष्टीकरणं आहेत आणि त्यातलं एक तर फुकट तपासता येतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही आणि तीच मला सगळ्यात आधी विचारायची आहे. बंद पडताना इंजिन नेमकं कसं बंद पडतं? कोणी बटण दाबावं तसं एका क्षणात गप्प होतं, की आधी आवाज खाली-वर होतो, रेस कमी-जास्त होते, गचके खातं आणि मग विझतं? पुढच्या वेळी यंत्र चालवताना गवताकडे कमी आणि कानाकडे जास्त लक्ष द्या. एका क्षणात गप्प होणारं इंजिन बहुतेक वेळा ठिणगी गेल्यामुळे बंद पडतं. ठिणगी असते किंवा नसते, तिला मधली अवस्था फारशी नसते. उलट आचके देत, रेस वर-खाली करत बंद पडणारं इंजिन पेट्रोलला मुकलेलं असतं. कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीतलं पेट्रोल उतरत जातं, मिश्रण पातळ होत जातं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गव्हर्नर, म्हणजे वेग कायम राखणारी यंत्रणा, थ्रॉटलची झडप उघडून वेग सावरायचा प्रयत्न करतो, क्षणभर सावरतोही, आणि मग सगळं संपतं. तो वर-खाली होणारा आवाज म्हणजे गव्हर्नरची ही धडपडच. हा नियम शंभर टक्के नाही. पण कोणताही पाना हातात घेण्यापूर्वी निम्मं काम होतं ते याने.

दुसरी गोष्ट. बंद पडल्याबरोबर तुम्ही काय करता? माझा अंदाज असा की चोक ओढता, प्रायमरचा फुगा (इंजिनात जादा पेट्रोल ढकलणारं रबरी बटण) चार-सहा वेळा दाबता आणि दोरी ओढत सुटता. सगळेच करतात. पण गरम इंजिनला चोक आणि वर प्रायमर दिला की सिलिंडरमध्ये पेट्रोलच पेट्रोल होतं, प्लग भिजतो आणि मूळ बिघाड बाजूला राहून नवाच तयार होतो. मग अर्ध्या तासाने ते पेट्रोल उडून जातं, इंजिन सुरू होतं आणि आपल्याला वाटतं «थंड झालं म्हणून सुरू झालं». तेव्हा बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत चोकला हात लावायचा नाही, फुग्याला तर नाहीच. ही दोन मिनिटंच तुम्हाला उत्तर देणार आहेत. एकदा इंजिन थंड झालं की पुरावा गेला.

आता त्या दोन मिनिटांत करायचं काय.

आधी टाकीचं झाकण. अशा बहुतेक यंत्रांत पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जेवढं पेट्रोल खाली गेलं तेवढी हवा वर टाकीत आली पाहिजे, आणि ती येते झाकणातल्या बारीकशा भोकातून. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं आणि दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तोच प्रकार. गवताचा भुगा, धूळ आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा यांनी ते भोक बुजतं. मग टाकीत किंचित पोकळी तयार होते. किती किंचित? पेट्रोलची दहा सेंटिमीटर उंची जो दाब देते तो वातावरणाच्या दाबाच्या एक टक्काही नसतो. म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा तेवढा कमी झाला तरी पेट्रोल उतरायचं थांबतं. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल मिनिट-दोन मिनिटं पुरतं आणि इंजिन विझतं. अर्धा तास ठेवलं की झाकणाच्या कडेने हवा हळूहळू आत शिरते आणि पुन्हा सगळं आलबेल.

इंजिन बंद पडलं रे पडलं की झाकण सावकाश अर्धा फेरा सैल करा. पेट्रोल सांडू देऊ नका, शेजारीच तापलेला सायलेन्सर आहे, आणि आसपास विडी-सिगारेट अजिबात नको. फुस्स असा आवाज आला तर भोक बुजलंय. आवाज हवा आत जाण्याचा असो की बाहेर येण्याचा (तापलेल्या टाकीत वाफेचा दाबही साठतो), अर्थ एकच. झाकण पुन्हा लावा, वाटी भरायला अर्धा मिनिट द्या आणि चोक न देता दोरी ओढा. इंजिन चटकन सुरू झालं तर चोर सापडला. झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पाहा. नाही सुधारलं तर त्याच यंत्राचं नवं झाकण घ्या. झाकणाला खिळ्याने भोक पाडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. यंत्र उतारावर कलंडलं की त्या भोकातून पेट्रोल गरम सायलेन्सरवर येतं.

झाकणाचा संशय आणखी एका खुणेने बळावतो. टाकी काठोकाठ भरलेली असताना यंत्र लवकर बंद पडतं आणि अर्धी रिकामी असताना जास्त वेळ चालतं का? भरलेल्या टाकीत वर हवेला जागा कमी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. तुमचं यंत्र दुसऱ्या खेपेला, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कमी झाल्यावर, उलट लवकर बंद पडतं. म्हणून मी झाकणावर फार मोठी पैज लावणार नाही. अर्ध्या तासात हवा अर्धीमुर्धीच आत शिरली असेल तर मात्र असंही होऊ शकतं. तपासणी फुकट आहे, करून टाका.

झाकण सैल करूनही इंजिन ढिम्म राहिलं तर लगेच ठिणगीकडे वळा. यासाठी ठिणगी तपासायचा टेस्टर आधीपासून हाताशी ठेवा. तो स्वस्त मिळतो आणि कॉइलच्या किमतीपुढे काहीच नाही. प्लगची कॅप काढा, पण प्लग सिलिंडरमध्येच राहू द्या. दोन कारणांसाठी. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे बिघडतात, आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना जवळ ठिणगी पाडणं शहाणपणाचं नाही. कॅप टेस्टरला जोडा, टेस्टरचा चिमटा इंजिनच्या उघड्या धातूला, टाकीपासून दूर लावा. मग दोरी ओढा.

इथे एक फसवी जागा आहे. हँडलवरची ती लिव्हर, जी सोडली की इंजिन बंद होतं, ती हँडलला दाबून धरल्याशिवाय ठिणगी येणारच नाही. लिव्हर सोडली की एक बारीक वायर कॉइलला अर्थ करते, म्हणजे इंजिनच्या धातूशी जोडून ठिणगी थांबवते, आणि ब्रेक फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकाला) पकडतो. अमेरिकेत १९८२ च्या मध्यापासून बनणाऱ्या अशा यंत्रांना लिव्हर सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबणं नियमाने सक्तीचं आहे, आणि त्या नियमाबरोबर ही लिव्हर सगळीकडे रुळली. तेव्हा एकाने लिव्हर धरायची, दुसऱ्याने दोरी ओढायची. मेहुण्यांना हे काम द्या, त्यांचाच मुद्दा सिद्ध करायचा आहे. दोरी ओढताना पातंही फिरतं, पाय लांब ठेवा.

थंड असताना टकटकीत निळी ठिणगी आणि बंद पडल्यावर काहीच नाही, किंवा मरतुकडी पिवळट ठिणगी, असं दिसलं तर बिघाड इग्निशनमध्ये आहे. पण अजूनही «कॉइल गेली» म्हणू नका. आधी ती लिव्हरची वायर पाहायची. ही वायर फ्लायव्हीलच्या कव्हरखालून येते, थरथरून तिचं आवरण कुठेतरी घासलं जातं आणि तांबं धातूला टेकतं. किंवा लिव्हरची केबल लांबलेली असते, त्यामुळे तुम्ही दाबून धरलंत तरी खालचा स्विच अर्धवटच उघडतो आणि यंत्राला धक्का बसला की अर्थ होतो. केबल लांबली असेल तर हँडल थोडं हलवलं, लिव्हर आणखी घट्ट दाबली तर फरक पडतो, तेवढं करून बघा. कॉइलवरची ती वायर काढून ठेवून पुन्हा टेस्टर लावा. ठिणगी परत आली तर दोष वायरमध्ये किंवा स्विचमध्ये. वायर काढलेल्या अवस्थेत इंजिन सुरू मात्र करायचं नाही. लिव्हर सोडून इंजिन बंद करायची सोयच तुम्ही काढलेली असते. टेस्टर झाला की वायर परत जागेवर.

वायर काढूनही गरम इंजिनला ठिणगी नसेल तर मेहुणे जिंकले. कॉइलच्या आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. कुठेतरी आवरणाला तडा गेलेला असतो किंवा तार तुटून नुसती टेकलेली असते. थंड असताना ती जुळलेली राहते, तापून सगळं प्रसरण पावलं की सुटते. म्हणून थंड कॉइल दुकानात मीटरवर तपासली तर ती ठणठणीत निघते, आणि दुरुस्तीवाले प्रामाणिकपणे सांगतात की कॉइल चांगली आहे. ते खोटं बोलत नसतात, त्यांनी चुकीच्या वेळी पाहिलेलं असतं. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलवरच्या चुंबकात आणि कॉइलच्या पायात अंतर लागतं, बहुतेक छोट्या इंजिनांत ०.२५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून चुंबकाला कॉइल ओढू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढून घ्या. लोखंडी फीलर गेज चुंबकाला चिकटून चुकीचं माप देतं, त्यापेक्षा कार्ड बरं.

पण कॉइल का तापली, हेही विचारा. हे इंजिन हवेने थंड होतं. फ्लायव्हीलचे पंखे वरून हवा ओढतात आणि कव्हरखालून सिलिंडरच्या पापुद्र्यांवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर, सोडतात. त्या पापुद्र्यांत गवताचा भुगा गच्च बसतो, कधी उंदीर घर करतात, आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. कव्हरचे चार-पाच बोल्ट काढा आणि आत बघा. हे काम मी नवी कॉइल आणण्याच्या आधी करेन. पापुद्रे साफ केल्यावर बिघाड आपोआप मिटल्याची उदाहरणं आहेत, आणि साफ न करता बसवलेली नवी कॉइलही त्याच भट्टीत भाजत राहणार. पेट्रोलची नळी सायलेन्सरला चिकटून जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या. नळीतच पेट्रोलची वाफ झाली की प्रवाह तुटतो.

आता समजा, गरम इंजिनला ठिणगी दणदणीत आहे आणि झाकणाचाही दोष नाही. मग पेट्रोलचा रस्ता. प्रायमरचा फुगा आता दाबायला परवानगी आहे, तीनदाच. इंजिन सुरू होऊन काही सेकंदांत पुन्हा विझलं तर पेट्रोल पोचत नाही हे नक्की. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मोकळ्या हवेत या, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवा आणि तिचं तोंड काचेच्या बरणीत धरा. मिनिटभर धार बघत राहा. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत जाणारी धार असेल तर नळीतला फिल्टर किंवा टाकीच्या तळातली जाळी बुजतेय. टाकीत पडलेला गवताचा एखादा तुकडा प्रवाहाबरोबर तोंडाशी येऊन बसतो, प्रवाह थांबला की बाजूला तरंगतो. याची लक्षणं हुबेहूब तुमच्या यंत्रासारखी असतात, आणि याच्यापायी बदललेले चांगले कार्बोरेटर कमी नसतील.

बरणीतलं पेट्रोल लगेच ओतून टाकू नका. थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरून ठेवतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कार्बोरेटरची वाटी हीच सगळ्यात खालची जागा, त्यामुळे पहिला घोट तिलाच मिळतो. वासही घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो, शिळ्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. स्थिर ठेवणारं रसायन न घालता साठवलेलं पेट्रोल महिन्याभरात शिळं धरावं, असं इंजिन बनवणारेच सांगतात. तुमच्या कॅनमधलं किती जुनं आहे, ते तुम्हालाच ठाऊक. जुनं असेल तर बाकी काहीही करण्याआधी टाकी रिकामी करून ताजं भरा. इथेनॉल किती टक्के चालतं तेही यंत्राच्या पुस्तिकेत पाहा. छोट्या इंजिनांची मर्यादा पुष्कळदा १० टक्के असते.

धार चांगली, पेट्रोल स्वच्छ, ठिणगी दणदणीत, तरीही आचके देत बंद पडतं, तेव्हा आणि तेव्हाच कार्बोरेटर उघडायचा. खरं सांगायचं तर कार्बोरेटर तुंबलेलं इंजिन सहसा पंधरा मिनिटं सुरेख चालत नाही. ते सुरू होऊन लगेच विझतं, नाहीतर अर्धा चोक दिल्याशिवाय चालतच नाही. म्हणून दुरुस्तीवाल्यांचा सल्ला माझ्या यादीत सगळ्यात शेवटी आहे. उघडायचाच झाला तर आधी गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि तारा कोणत्या भोकात आहेत त्याचे फोटो काढून ठेवा. शेजारशेजारच्या दोन भोकांत स्प्रिंग अदलाबदल झाली तर इंजिनचा वेग पार बदलतो, आणि वेग जास्त झाला तर पात्याच्या टोकाचा वेग धोकादायक होतो. खालची वाटी काढा. कितीतरी छोट्या कार्बोरेटरमध्ये वाटी धरणाऱ्या बोल्टमध्येच मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) असतं, आणि लोक तो बोल्ट पुसून तसाच परत लावतात. बोल्ट उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. जेटमध्ये पोलादी तार खुपसू नका. भोक मिलिमीटरच्या काही अंशांचं असतं आणि जरा ओरखडा पडला तरी मिश्रण कायमचं बिघडतं. नायलॉनचा केस किंवा मऊ तांब्याची एक तार, आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा. फवारा मारताना चष्मा लावा, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. मधल्या नळीच्या बाजूची बारीक भोकंही मोकळी करा. आत पांढरी भुकटी धरून धातू खाल्ला गेला असेल तर साफसफाईने फार उपयोग होत नाही, मग बदला. नाहीतर साफ करून, वाटीचं गॅस्केट नवं टाकून बसवा.

पांढऱ्या धुराचं कोडं वेगळं आणि सोपं आहे. यंत्र तुम्ही चुकीच्या कुशीवर आडवं केलंत. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर ज्या बाजूला आहेत ती बाजू वर राहिली पाहिजे. ती खाली गेली की ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदरच्या नळीतून) फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं आणि जळेपर्यंत पांढरा धूर येतो. धूर थांबला म्हणजे सिलिंडरमधलं ऑइल जळून गेलं, फिल्टरमधलं नाही. फिल्टर तुम्ही धुतलात तो या उपद्व्यापाच्या आधी की नंतर? पुन्हा काढून पाहा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवता येतो. कागदी असेल आणि ऑइलने पारदर्शक झाला असेल तर तो धुण्याची वस्तू नाही, फेकून नवा घ्या. एवढ्याने पंधरा मिनिटांचा बिघाड झाला असेल असं मला वाटत नाही, पण तापलेल्या इंजिनचा श्वास कोंडायला याचीही मदत होते. ऑइलची पातळी कांडीवर बघा, खुणेच्या वर भरलं असेल तर काढा. आणि यंत्र आडवं करण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला ठेवत जा. पातं हाताने फिरवलं की इंजिनही फिरतं, गरम इंजिन तेवढ्याने सुरू होऊ शकतं, आणि तेव्हा तुमची बोटं तिथे असतात.

नव्या प्लगचं अंतर मोजलं होतं का? बहुतेक अशा इंजिनांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतं आणि डब्यातून निघालेला प्लग त्याच मापाचा असेलच असं नाही. इंजिन निवल्यावर प्लग काढून रंगही बघा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन भाजतंय.

उरलेल्या शक्यता पटकन उरकतो, कारण तुमच्या लक्षणांशी त्या नीट जुळत नाहीत. आपोआप चालणारा चोक असेल तर फिल्टर काढून, गरम इंजिनवर तो पूर्ण उघडलाय का पाहा. अडकून अर्धा बंद राहिला तर काळा धूर येतो. यंत्र दगडावर आपटलं असेल तर फ्लायव्हीलला जागेवर धरणारी मऊ धातूची चावी कातरली जाते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं, पण मग दोरी हातातून हिसकून मागे जाते आणि थंड असतानाही इंजिन कुरकुरतं. पातं सैल असेल तरीही असाच त्रास होतो, कारण या इंजिनांचं फ्लायव्हील हलकं असतं आणि पात्याचं वजन त्याला साथ देतं. गरम झाल्यावर दोरी एकदम हलकी लागते, काही अडतच नाही, असं वाटलं तर व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्या. तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर कॉम्प्रेशन जातं. ते काम पुस्तिकेतलं माप बघूनच करायचं. आणि यंत्र फक्त उंच, ओल्या गवतातच बंद पडत असेल तर तो बिघाडच नाही. पात्याला धार लावून आणा, कापायची उंची वाढवा, एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा भागच कापा.

माझी पैज विचाराल तर आधी तुंबलेले पापुद्रे, मग कॉइल किंवा तिची वायर, मग झाकण, मग टाकीतला कचरा. कार्बोरेटर सगळ्यांच्या मागे. एका दुपारचं काम आहे.

तरी दुरुस्तीवाल्यांकडे न्यायची वेळ आलीच तर नेण्याआधी टाकी रिकामी करा आणि त्यांना «बंद पडतं» एवढंच सांगू नका. बंद पडताना आवाज कसा होता, त्या क्षणी टेस्टरवर ठिणगी होती की नव्हती, झाकण सैल केल्यावर काय झालं, हे तिन्ही कागदावर लिहून द्या. आणि आग्रह धरा की यंत्र त्यांच्यासमोर सुरू करून बंद पडेपर्यंत चालवावं आणि गरम असतानाच तपासावं. «वेळ नाही, कार्बोरेटर बदलून देतो» असं उत्तर आलं तर यंत्र उचलून घरी आणा.